ससून घराण्याने बगदाद का सोडलं? ऑटोमन राजवटीत ज्यू-ख्रिश्चनांचा कारभार कसा चाले?

पेठकरीण: पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात व्यापारी डेव्हिड ससूनची कबर आहे. त्यांचे वडील बगदादमध्ये पाशांचे (सुभेदारांचे) खजिनदार होते आणि तिथल्या ज्यूंचे प्रमुखही, असं वाचलं. इतका मान असताना मुलावर पळून यायची वेळ का आली? 'सगळे गुण्यागोविंदाने राहायचे' आणि 'नुसता छळ होता' ही दोन्ही उत्तरं व्हॉट्सअॅपवर मिळाली आहेत, ती पुन्हा नकोत.

कॅम्पकर काका: ताई, तो मान आणि ती पळापळ एकाच व्यवस्थेतून आली. बगदाद तेव्हा तुर्की ऑटोमन साम्राज्यात होतं, आणि सुलतानाचं सरकार सामान्य ख्रिश्चन-ज्यूशी बोलण्यापेक्षा त्यांच्या प्रमुखाशी बोलायचं. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) घेतल्यावर पुढच्याच जानेवारीत दुसऱ्या मेहमदने गेन्नादिओस या साधूला ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा पॅट्रिआर्क, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, नेमलं. पुढे या गादीसाठी सुलतानाची सनद आणि सनदेसाठी नजराणा लागू लागला. मग काय, बोली चढत गेली, आणि ती वसूल व्हायची गावोगावच्या भाविकांकडून! बदल्यात लग्न, काडीमोड, वारसा यांचे तंटे पंथ आपल्या कायद्याने सोडवायचा. आपल्याकडच्या जातपंचायतीची आठवण येते खरी.

यावर जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा डोईकर, होताच. तो धडधाकट पुरुषांवर, बायका-मुलांना माफ. 1691 नंतर ऐपतीप्रमाणे तीन दर ठरले, श्रीमंताला गरिबाच्या चौपट. शिवाय कपड्यांच्या रंगावर, घोड्यावर बसण्यावर बंधनं, नवं चर्च बांधायला अडवणूक. ही बंधनं कधी कडक, कधी नुसती कागदावर.

मला आवडतो तो भाग वेगळाच आहे. काझीचं न्यायालय सगळ्यांना खुलं होतं. तिथे मुलीला वारशात ठरलेला वाटा मिळायचा, म्हणून ख्रिश्चन आणि ज्यू बायका सरळ काझीकडे जायच्या. पाद्री आणि रब्बी चिडायचे, बहिष्काराची धमकी द्यायचे, तरी जायच्या. म्हणजे प्रमुखाची सत्ता त्याला वाटायची तेवढी नव्हती. मात्र त्याच न्यायालयात मुसलमानाविरुद्ध बिगरमुस्लिमाची साक्ष ग्राह्य नसे.

तळजाई_रोज: काका, देवशिर्मे गाळलंत. बाल्कनमधल्या ख्रिश्चन घरांतली पोरं उचलून, धर्म बदलून सुलतानाच्या चाकरीत घालायचे. ते कुठल्या हिशोबात?

कॅम्पकर काका: जुलमाच्याच. पण त्यातून काय काय निघालं तेही बघा. सोकोल्लू मेहमद पाशा असाच उचललेला सर्ब मुलगा, वजीर झाला. 1557 मध्ये सर्बांचं पेच नावाच्या गावातलं बंद पडलेलं पॅट्रिआर्कपद पुन्हा सुरू झालं आणि गादीवर बसले मकारिये, त्याचेच नातलग. वशिला आपल्याकडेच चालतो असं कोणी समजू नये.

आता ससून. प्रमुख हा सरकारच्या हातातला ओलीसही असतो. 1821 मध्ये ग्रीकांनी उठाव केला. पॅट्रिआर्क पाचव्या ग्रेगोरीने उठावाचा निषेध केला होता, तरी 'तुझी माणसं तुला आवरली नाहीत' म्हणून ईस्टरच्या दिवशी त्याला पॅट्रिआर्केटच्या दारात फाशी दिली. बगदादला दाऊद पाशा हा जवळजवळ स्वतंत्रपणे वागणारा सुभेदार. त्याला पैसा हवा होता आणि श्रीमंत ज्यू घराणी समोरच होती. डेव्हिड ससून आधी इराणच्या बुशहर बंदरात निसटले, मग 1830च्या दशकात मुंबईला आले. खजिनदाराचा मुलगा असणं तिथे ढाल राहिलं नव्हतं, उलट नजरेत भरणं झालं होतं.

पेठकरीण: आता कळलं. आणि जिझिया कधी गेला?

कॅम्पकर काका: 1856च्या सुधारणांत, कागदोपत्री. सगळे प्रजाजन समान ठरले, म्हणजे लष्करातही सगळ्यांनी जायला हवं. ते ना सरकारला पचत होतं, ना बऱ्याच ख्रिश्चनांना हवं होतं. मग लष्करी सेवेऐवजी भरायचा कर आला, आणि जिझिया देणारेच तो देऊ लागले. तो 1909 मध्ये गेला, तेव्हा त्यांचीही सक्तीची भरती सुरू झाली.