मदत हवी आहे: खडीचे ढीग आणि जुन्या खाणीचा भराव

नमस्कार मंडळी, वाघोलीच्या पुढे आमची छोटी दगडखाण आणि क्रशर आहे, काका बघायचे, आता माझ्याकडे आलंय. पहिला घोळ ढिगांचा. २० एमएम, १० एमएम खडी आणि क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) इतकी खेटून पडते की पायथ्याशी सगळं एक होतं, त्यात कन्व्हेअरवरून उंचावरून पडल्यामुळे मोठा दगड घरंगळत कडेला आणि बारीक मधे राहतं, मग लोडरवाला कडेचंच उचलतो आणि गिऱ्हाईक म्हणतं माल एकसारखा नाही. मधे आडव्या भिंती घालाव्यात की ढीगच कमी उंचीचे करावेत? जागा तर तेवढीच आहे.

दुसरं, जुना खड्डा एका बाजूने भरायचाय. मुरूम भरपूर आहे पण वरची काळी माती काकांनी मुरमातच ढकलली (काय बोलणार, वडीलधारे), थोडीच वेगळी उरलीय, तिचा ढीग दीड मीटरच्या वर नेत नाही. उतारावर पावसाने ती वाहून जाऊ नये म्हणून आधी खस (वाळा) आणि स्टायलो (चाऱ्याचं शेंगवर्गीय झुडूप) लावून मग करंज, कडुनिंब लावले तर चालेल का? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा, फोटो असले तर अजून बरं.