नार्निया, पॉटर आणि आपली पोरं: ख्रिस्ती आईबापांनी वाचून दाखवावं का?

वानवडीकर

परवा उपासनेनंतर चर्चच्या आवारात चहा पिताना मी सहज बोलून गेलो की रात्री पोरांना नार्निया, म्हणजे सी. एस. लुईसच्या त्या जादूई देशाच्या कादंबऱ्या, वाचून दाखवतो. मंडळीतल्या एका काकूंनी कप खालीच ठेवला. "अरे, त्यात चेटकीण आहे ना?"

आहे. बोलणारे बीव्हर आहेत, बकऱ्याच्या पायांचा माणूस आहे, आणि एका फितूर पोरासाठी दगडी मेजावर आपण होऊन मरायला जाणारा सिंहही आहे. तो भाग वाचताना माझी मुलगी उठून बसली. "बाबा, हा एडमंडच्या बदली मरतोय?" संडे स्कूलमध्ये हेच वाक्य तिनं कितीदा पाठ म्हटलंय, पण विचारलं त्या रात्री.

माझं म्हणणं असं की या कादंबऱ्या पोरांबरोबर बसून वाचाव्यात. पुस्तक हातात देऊन आपण मोकळं व्हायचं नाही. पोरं वाचणारच आहेत, शाळेच्या लायब्ररीतून आणा नाहीतर अप्पा बळवंत चौकातून. आणि पवित्र शास्त्राला कल्पित गोष्टीचं वावडं आहे असं कोण म्हणतं? शास्ते 9 काढा. झाडं आपल्यासाठी राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर, द्राक्षवेल नाही म्हणतात, आणि शेवटी काटेरी झुडूप गादीवर बसायला तयार होतं. नाथानानंही दावीदाला आधी कोकरीची गोष्टच सांगितली. राजाला तोंडावर "तू पापी" म्हटलं असतं तर त्यानं ऐकून घेतलं असतं का?

तुम्हाला काय वाटतं?

मुक्तीची नात

दादा, झाडांची गोष्ट छान आहे, पण अनुवाद 18 तुम्ही सोयीस्कर गाळलात. चेटूक, मंत्रतंत्र, मेलेल्यांना विचारणं, सगळं परमेश्वराला अमंगळ.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. लुईस ऑक्सफर्डात बसून लिहीत होता. त्याच्या उंबऱ्यावर कुणी टाचण्या टोचलेलं लिंबू ठेवत नव्हतं. माझ्या आजीच्या गावात ठेवायचे. मूल आजारी पडलं की करणी, म्हैस आटली की भानामती, आणि देवऋषी सांगेल ती कोंबडी. बाप्तिस्मा घेतल्यावर तिनं पहिल्यांदा असं लिंबू हातानं उचलून उकिरड्यावर टाकलं, आणि हे ती मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची. इंग्रजांच्या पोरांना चेटकीण म्हणजे परीकथा. आमच्या घरात हे सुटून अजून दोन पिढ्याही झाल्या नाहीत. ज्याची भीती आजीनं प्रार्थना करकरून घालवली, त्याची मी पोरांना गंमत म्हणून ओळख करून देऊ?

नार्नियात निदान चेटकीण वाईट आहे. पॉटरमध्ये तर चांगली पोरं शाळेत जाऊन तेच शिकतात.

कॅम्पातला कॅथलिक

ताई, आजीचा मुद्दा बिनतोड आहे. पण शास्त्राचा आधार घ्यायचा तर पूर्ण घेऊ. प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये इफिसकरांनी जादूची पुस्तकं जाळली, किंमत भरली पन्नास हजार रुपये, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी. ती पुस्तकं मंत्र करून बघायची होती, गोष्टीची नव्हती.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टॉल्कीन तर आमचाच, पक्का कॅथलिक. लुईस ख्रिस्ताकडे वळला त्यात 1931 सालच्या एका रात्री टॉल्कीनशी पुराणकथांवर झालेल्या गप्पांचा मोठा वाटा आहे. टॉल्कीनच्या कादंबरीत अंगठी नष्ट होते ती तारीख 25 मार्च, म्हणजे गॅब्रिएल दूतानं मरियेला निरोप दिला तो सण. कुठं गाजावाजा नाही, ज्याला कळेल त्याला कळेल. त्यातला जादूगार गॅंडाल्फही मंत्र शिकून जादूगार झालेला माणूस नव्हे. तो वरून पाठवलेला, दूतांच्या जातीचा.

आणि पॉटरचं म्हणाल तर सातव्या भागात हॅरी आईबापांच्या कबरीपाशी जातो. दगडावर काय कोरलंय? "शेवटचा शत्रू जो मृत्यू तो नाहीसा केला जाईल." करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15. पोराला सांगा, जा, काढ बायबल आणि शोध.

मुक्तीची नात

पोप बेनेडिक्टनी पॉटरविरुद्ध लिहिलं होतं ना? तुमचेच पोप.

कॅम्पातला कॅथलिक

2003 साली ते पोप नव्हते, कार्डिनल रात्झिंगर होते. एका जर्मन लेखिकेला लिहिलेलं खाजगी पत्र होतं ते. चर्चचा नियम नव्हे. पण हो, पत्र पॉटरच्या बाजूचं नव्हतं, हे मान्य.

सदाशिवातला

मी हिंदू, लांबून वाचतोय, राग मानू नका. आमच्या लहानपणी चांदोबात दर महिन्याला विक्रमाच्या खांद्यावर वेताळ बसलेला असायचा. आमच्यातला कुणी मांत्रिक झाला नाही, झाले ते सगळे इंजिनियर.

मुक्तीची नात

हाहा. पण दादा, तुमच्या वेताळाचं टेकडीवर देऊळही आहे, आणि लोक तिथं हात जोडतात. मी तेच म्हणतेय. इथं गोष्ट आणि भक्ती यांच्यात भिंत नाही.

बिबवेवाडी

चेटकिणीवरून एवढं रण माजलंय, माझी अडचण वेगळीच आहे. नार्नियाचा 1956 चा शेवटचा भाग किती जणांनी वाचलाय? त्यात एमेथ नावाचा तरुण सैनिक आयुष्यभर ताश नावाच्या दैवताची मनापासून सेवा करतो. शेवटी अस्लान, म्हणजे तो सिंह, त्याला म्हणतो, ती सेवा मी माझीच धरली. योहान 14:6 चं, "माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही" याचं, काय करायचं मग? इंग्लंडात हा चर्चेचा विषय असेल. माझ्या मुलाच्या वर्गात ख्रिस्ती पोरं दोन. गणपतीत बाकीच्यांच्या घरी मोदक खाऊन येतो आणि विचारतो, "अथर्वचे आजोबा स्वर्गात जाणार ना?" त्याला लुईसनं परस्पर उत्तर द्यावं हे मला नको आहे.

लायब्ररीवाली आई

मला तिसरंच काही टोचलं. नार्नियाच्या शेजारच्या कलोरमेन देशाचे लोक लुईसनं रंगवलेत ते सावळे, दाढीवाले, फेटे बांधणारे, आणि बहुतेक क्रूर नाहीतर लबाड. चित्र बघून माझी धाकटी म्हणाली, "हे तर आपल्यासारखे दिसतात." या धाग्यावर अजून कुणाला ते दिसलं नाही याचं नवल वाटतं.

वानवडीकर

ताई, मुद्दा खरा आहे. अराविस तिथलीच आणि ती शूर, एमेथही तिथलाच, हे मी पोरांना दाखवतो. तरी डाग राहतोच.

बिबवेवाडी, तुमचा प्रश्न माझ्या घरातही येतो, आणि तो लुईसमुळे येत नाही, शेजारामुळे येतो. पुस्तक मिटलं तरी अथर्वचे आजोबा आहेतच. मग एमेथच्या पानावर थांबून दोघांनी बोललेलं काय वाईट? लुईस चुकला असं वाटत असेल तर तसं सांगा. बाप लेखकाशी भांडू शकतो हे पोरानं बघावं की.

आणखी एक. 1955 मध्ये एका आईनं लुईसला अशीच एक काळजी कळवली होती, की मुलाला येशूपेक्षा अस्लान जास्त आवडतो. लुईसनं उत्तर दिलं त्याचा आशय असा की अस्लानच्या ज्या करण्याबोलण्यावर तो प्रेम करतो ते येशूनं खरोखर केलं-बोललं आहे, म्हणजे प्रेम येशूवरच आहे.

मुक्तीची नात

पत्र सुंदर आहे. पण त्या मुलाला येशू आधी ठाऊक होता, सिंह नंतर भेटला. मी ज्या वस्तीत संडे स्कूल घेते तिथं निम्म्या पोरांना अजून येशू आणि देवऋषी एकाच कामाचे वाटतात, ताप उतरवायच्या. तिथं मी नार्निया उघडणार नाही. तुमच्या घरी तुम्ही वाचा, मी अडवत नाही.

वानवडीकर

पटलं. वस्तीतल्या वर्गाचा आणि घरातल्या पलंगाचा नियम एकच असावा असा माझा हट्ट नाही.

बिबवेवाडी

आणि फिलिप पुलमनच्या 'हिज डार्क मटेरियल्स' कादंबऱ्या? त्यांच्या तिसऱ्या भागात देव म्हणवणारा म्हातारा वाऱ्यावर विरून जातो, चर्च खलनायक. लेखक तर उघड नास्तिक. तेही बरोबर बसून?

वानवडीकर

तेही. पण चौदाव्या वर्षी, आधी नाही.

बिबवेवाडी

चौदाव्या वर्षी पोरगी तुमच्याबरोबर बसेल असं वाटतंय तुम्हाला?