काळांचा तक्ता पाठ, बोलताना मात्र 'आय ॲम गो'

ऐरोलीकर_ताई:
सोसायटीतल्या बायकांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. सगळ्या मराठी माध्यमाच्या, दहावी-बारावी झालेल्या. तक्ता घडाघडा म्हणतात, पण बोलायला लागल्या की 'आय ॲम गो टू मार्केट', 'माय सन गो टू स्कूल'. तक्ताच परत घेऊ का?

वाशीचा_पक्या:
नको हो! आमच्याकडून वर्षभर तोच घोकून घेतला. इंटरव्ह्यूत तोंडातून शब्द फुटेना.

नौपाड्यातले_सर:
तक्ता कपाटात ठेवा. 'भाजी चिरते' आणि 'भाजी चिरतेय' यातला फरक त्यांना कोणी शिकवायला नको. घोळ 'ॲम'चा आहे. शाळेत पहिलंच वाक्य 'आय ॲम अ गर्ल', तेव्हापासून ते 'आय'ला चपलेच्या च्युइंगमसारखं चिकटलंय. माझ्याकडे सुरुवातीला 'ॲम'ला चक्क बंदी असते. नुसती रोजची कामं: आय गेट अप, आय मेक टिफिन, आय कॅच द ट्रेन. मग जाऊबाईंवर या: शी मेक्स, शी कॅचेस. प्रश्नात हा शेवटचा 'स' 'डज' पळवतं, ते फळ्यावर पुसूनच दाखवा: 'डज शी वर्क?'

हे बसलं की फोनचं नाटक. एकीने विचारायचं, 'व्हेअर आर यू?' दुसरी ठाण्याला दहा नंबरवर पनवेल गाडीसाठी उभी: 'आय ॲम वेटिंग.' आता 'ॲम' आणि 'इंग' जोडीनेच येऊ द्या. गाडीची वेळ मात्र 'द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स'. आपणही 'सहाला सुटते' असंच म्हणतो, त्यामुळे हे चटकन जमतं.

'नो' (माहीत असणं), 'वाँट', 'लाइक' यांना 'इंग' लावू देऊ नका. 'आय ॲम हॅविंग टू सन्स' तर साहेबलोकही बिनधास्त ठोकतात!

ऐरोलीकर_ताई:
आणि 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स'? हे तर सगळ्याच म्हणतात.

नौपाड्यातले_सर:
म्हणणारच. मराठीत 'दहा वर्षं राहतेय' एवढ्यावर भागतं. इंग्रजीत मागे सुरू झालेलं अजून चालू असेल तर 'आय हॅव बीन लिव्हिंग'. किती काळ, ते 'फॉर टेन इयर्स'. कधीपासून, ते 'सिन्स 2015'. पण एवढ्यात काढू नका, नाहीतर 'हॅव'ही जिथेतिथे लावत सुटतील.