वर्गातली स्क्रीन आणि आपली मुलं : अनुभव लिहा (बडोदेकरांनी तर नक्कीच)

काल भाचीची लेक (सहावीत आहे, मांजलपूरकडची शाळा) सहज म्हणाली, "आज पॅनल (भिंतीवरची मोठी स्क्रीन) बंद होतं, म्हणून सायन्स झालंच नाही." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला आमची दांडिया बाजारातली मराठी शाळा आठवली. वर्षातून एखाद्या वेळी फिल्मचा प्रोजेक्टर यायचा. खिडक्यांना सतरंज्या टांगायच्या आणि सगळे वर्ग एका हॉलमध्ये. एकदा फुलपाखराची फिल्म होती. कोशातून ते ओलंचिंब बाहेर आलं आणि बाईंनी मध्येच दिवे लावायला सांगितले. "आता हे लगेच उडत का नाही? सांगा." सगळी पोरं ओरडायला लागली. कोणी म्हणे घाबरलंय, कोणी म्हणे भूक लागलीय. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, पंख वाळायचेत. मग दिवे बंद, फिल्म पुढे. दुसऱ्या दिवसापासून निम्मा वर्ग घरच्या कढीपत्त्यावर अळ्या शोधत होता, डब्यात घालून शाळेत आणत होता.

यंत्र तेव्हाही होतंच की. पण ते थांबवून प्रश्न विचारणारं माणूस शेजारी उभं होतं, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. तुमच्या मुलांच्या वर्गात काय चाललंय ते लिहा. शिक्षक असाल तर जरूर लिहा.

कारेलीबागकर
आमच्याकडे लेसन (गृहपाठ) ॲपवर येतं. म्हणजे लेसन करायला फोन द्यायचा आणि मग तोच फोन परत काढून घ्यायला भांडायचं. रोज. डायरीत दोन ओळी लिहून दिल्या तर काय जातं? कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

निवृत्त बाई
नगरपालिकेच्या शाळेत आयुष्य गेलं, म्हणून लिहिते. २०१७ मध्ये गुजरात सरकारची ज्ञानकुंज योजना आली, सातवी-आठवीच्या वर्गांत प्रोजेक्टर, लॅपटॉप वगैरे. मी मनापासून वापरलं. पृथ्वीचा कललेला आस आणि ऋतू हे मी कित्येक वर्षं मोसंबं आणि मेणबत्ती घेऊन शिकवलं, तरी मागच्या बाकावर पोचायचं नाही. पडद्यावर पृथ्वी सूर्याभोवती फिरताना दिसली आणि एका मुलाने स्वतःहून विचारलं, "बाई, मग आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा ऑस्ट्रेलियात थंडी?" हृदयाच्या झडपा, ज्वालामुखी, सगळं उत्तम.

पण भागाकार नाही. अपूर्णांक नाही. तिथे पडद्यावर उत्तर झरझर सुटत जातं, मुलं मान डोलावतात आणि वहीत एकालाही येत नाही. गणिताला मी पडदा बंदच ठेवायची. वही-पेन्सिल, आणि मी बाकांमधून फिरणार.

फतेगंज
+१ बाई. आणि तुमचं मोसंबंही हवंच, दोन्ही हवं.

मांडवीचा वाचक
थोडं अवांतर, पण बडोद्याच्या धाग्यावर हे यायलाच पाहिजे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग शिकलेली मुलं वाचणार काय, म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं. त्या ग्रंथालय खात्यात चित्रं दाखवण्याची वेगळी शाखा होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दिव्याच्या उजेडाने पडद्यावर दाखवायची चित्रं (मॅजिक लँटर्न) घेऊन माणसं गावोगाव जायची. आणि वाचता येणाऱ्यांसाठी पेट्यांमधून फिरती पुस्तकं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पडदा आणि पुस्तक एकाच खात्यात नांदत होते! मला याचा फार अभिमान वाटतो.

कारेलीबागकर
हे माहीत नव्हतं. सेंट्रल लायब्ररीत मुलांना नेते या रविवारी. रविवारी उघडी असते ना?

मांडवीचा वाचक
आधी फोन करून बघा. गेलात तर काचेच्या फरशीचा मजला जरूर दाखवा मुलांना.

स्टॉकहोमची बडोदेकर
इथली गोष्ट सांगते. माझ्या मोठ्याचं प्राथमिक जवळजवळ सगळं टॅबवर झालं. हस्ताक्षर बघवत नाही त्याचं. धाकटीच्या वेळी वारं फिरलं. २०२३ मध्ये सरकारने शाळांच्या पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर जाहीर केले. आता तिच्या दप्तरात छापील पुस्तकं असतात, हाताने लिहिणं असतं. आईने बडोद्याहून पाठवलेली बाराखडीची पाटी बघून तिच्या टीचर खूश! भारतातल्या शाळा आत्ता पॅनल लावतायत आणि हे लोक मागे वळतायत, हे बघून जीव तुटतो. निदान पहिली-दुसरीला तरी हात लावू नका असं वाटतं.

शिक्षिका, खाजगी शाळा
नाव नाही लिहिणार. आमच्याकडे रोज पॅनल किती मिनिटं चालवलं त्याची नोंद द्यावी लागते. फळ्यावर चांगला रंगलेला तास मध्येच तोडून व्हिडिओ लावायचा, कारण नोंद हवी. मुलं माझ्याकडे बघत असतात, एकदम माना वर पडद्याकडे जातात आणि डोळे थिजतात. मला ते बघून रडू येतं.

निवृत्त बाई
बेटा, धीर धर. वरिष्ठांना वर्गात बोलाव आणि दोन्ही तास दाखव. मुलं काय विचारतात ते त्यांना ऐकू दे.

एमएसयूवाला
कॉलेजचं चालेल का? पहिल्या वर्षी लेक्चरला लॅपटॉपवर टाइप करायचो, सर बोलतील ते सगळं जसंच्या तसं. परीक्षेआधी उघडलं तर मीच लिहिलेलं परकं वाटायचं. आता वहीत लिहितो. हात तेवढा पळत नाही, म्हणून डोक्याला निवडावं लागतं. म्युलर आणि ओपनहायमर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २०१४ मध्ये असाच प्रयोग छापला होता, त्यात हाताने लिहिणाऱ्यांना विषय जास्त समजला होता. नंतर इतरांनी करून पाहिलं तेव्हा फरक तितका ठळक आला नाही, पण माझ्यापुरतं मला पटलंय.

पाणीगेट
२०२० कोणी विसरलं का? आमच्या चाळीत एका घरी तीन मुलं, फोन एक, आणि तो घेऊन बाप कामावर. डीडी गिरनारवर (दूरदर्शनची गुजराती वाहिनी) धडे यायचे, तेव्हा आमचा टीव्ही दारात ओढून ठेवायचो, पोरं ओसरीवर बसायची. तेवढं वर्ष त्या टीव्हीनेच तारलं. पण प्रश्न विचारायची सोय नव्हती. त्यातली मधली मुलगी वाचनात जी मागे पडली ती अजून धडपडतेय.

सोनूची आई
सगळ्यांचं वाचलं. माझं वेगळं आहे. सोनूची नजर जन्मापासून खूप कमी. फळा दिसत नाही, चोपडी नाकाला लावली तरी ओळ सुटते. तिसरीपर्यंत सगळे म्हणायचे मंद आहे. मग एका सरांनी फळ्याचा फोटो काढून तिच्या टॅबवर दिला. तिने बोटांनी अक्षर मोठं केलं आणि अख्खा परिच्छेद मोठ्याने वाचला. वर्ग गप्प झाला म्हणे. तेव्हा वर्गात पडदा नको म्हणताना आमच्यासारख्यांसाठी दार उघडं ठेवा, हात जोडून सांगते.

निवृत्त बाई
अगं, तुझ्या सोनूला खूप आशीर्वाद. त्या सरांनाही.

फतेगंज
सोनूची आई, सुगम्य पुस्तकालय माहीत आहे का? २०१६ पासून आहे. ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन पुस्तकं, ऐकायचीही आहेत.

सोनूची आई
नाही माहीत! सभासद कसं व्हायचं? प्रमाणपत्र आहे आमच्याकडे.

फतेगंज
मग झालंच. व्यनि (खाजगी निरोप) करा, माझ्या भावाचं मीच केलं होतं. रात्री नऊनंतर मोकळी असते.