सन कोरल उघडत नाही, आणि खायला घालावं तर फॉस्फेट वाढतं: हे जमवायचं कसं?

समुद्रफेस

नमस्कार मंडळी. टँक जर्मनीत आहे, १२० × ५० × ५० सेंमी. सम्प (खालची गाळणीची टाकी) धरून आणि दगडांची जागा वजा करून पाणी साधारण ३०० लिटर. क्षारता ३५ पीपीटी, तापमान २५ अंश, अल्कलिनिटी ८ डीकेएच, कॅल्शियम ४२०, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०८ (हे तीन आकडे पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम). बाकीचे प्रवाळ (युफिलिया, लेदर, थोडे माँटिपोरा) ठीक आहेत.

नवीन घेतलेला केशरी सन कोरल (ट्युबॅस्ट्रिया) मुठीएवढा आहे, पंचवीसेक पॉलिप (वसाहतीतले एकेक तोंडाचे जीव). रात्री दिवे गेल्यावरही उघडत नाही. कडेच्या तीन पॉलिपांभोवतीचं मांस मागे सरकलंय, खालचा पांढरा सांगाडा दिसतो. रोज मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवांचा) एक गोठवलेला क्यूब पाण्यात सोडतो. विचारायचं ते असं:

त्याला उघडायला लावायचं कसं? रोज दोन क्यूब घातले तर फॉस्फेटचं काय होईल? आणि दुकानात एक लालभडक डेंड्रोनेफ्थिया (मऊ प्रवाळ) आहे, तो याच टँकमध्ये चालेल का?

खारवट

क्यूब पाण्यात सोडणं आधी थांबवा. त्यातलं जवळपास सगळं मासे खातात आणि उरलेलं ओव्हरफ्लोमधून सम्पमध्ये जातं. सन कोरलच्या अंगात झूझँथेली (प्रकाशातून अन्न बनवणारी सूक्ष्म शैवालं) नसतात, म्हणजे प्रकाशातून त्याला एक घाससुद्धा मिळत नाही. प्रत्येक पॉलिपचं तोंड वेगळं. शेजारच्याला मिळालेलं थोडंफार अंगातून याच्याकडे पोचतं, पण त्यावर वसाहत तगत नाही. पंचवीस तोंडं भरायची आहेत असं धरून चाला.

न उघडणारा सन कोरल बहुतेक वेळा आजारी नसतो, उपाशी असतो. दुकानात कोणी भरवलेलं नसतं. पॉलिप फुलवायलाही ताकद लागते, आणि खाद्याचा वास आल्याशिवाय तो ती खर्च करत नाही. म्हणून असं करा:

रोज एकच वेळ ठरवा, दिवे मंद झाल्यावर. टँकच्याच दीड लिटर पाण्याचा डबा घ्या आणि तो सम्पमध्ये तरंगत ठेवा, म्हणजे पाणी गार पडणार नाही. कोरल पाण्याखालीच डब्यात घ्या. मायसिस आणि सायक्लॉप्स (त्याहून बारीक प्लवक-खाद्य) कपभर टँकच्या पाण्यात वितळवून गाळा. गाळलेलं पाणी फेकायचं, पण त्यातलं चमचाभर राखून डब्यात घाला. वीस ते तीस मिनिटं थांबा. पॉलिप पूर्ण उघडले नाहीत तरी तोंडाची कड फुगलेली आणि स्पर्शकांची टोकं बाहेर आलेली दिसतील. तेवढं पुरे. १० मिलीच्या सिरिंजला फूटभर कडक एअरलाइन नळी लावून थेट तोंडावर सायक्लॉप्स सोडा. जोर लावू नका, नुसतं ठेवल्यासारखं. तोंडाला लागलेला कण तो ओढून घेतो.

पहिले काही दिवस फक्त बारीक खाद्य. मायसिस नंतर, एका पॉलिपला एक किंवा दोन. पूर्ण क्रिल कधीच नको. मोठा घास गिळलेला दिसतो, पण पहाटे तपकिरी गोळा होऊन बाहेर पडतो, दोन पॉलिपांच्या खाचेत अडकतो, तिथेच कुजतो आणि आजूबाजूचं मांस घेऊन जातो. आर्टेमिया घालायचा तर पोषक घटक भरवलेला, साध्यात दम नसतो.

साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ठरलेल्या वेळी तो आपणहून फुलू लागतो. मग डबा बंद, टँकमध्येच भरवा. रिटर्न पंप आणि वेव्हमेकर बंद करून पाण्याच्या बाटलीचा अर्धा कापलेला वरचा भाग घुमटासारखा कोरलवर ठेवा आणि बाटलीच्या तोंडातून सिरिंज घाला. वीस मिनिटांनी घुमट काढा. क्लीनर कोळंबी असेल तर तिला आधी दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी द्या. ती पॉलिपच्या तोंडात हात घालून घास काढून नेते, आणि त्यात मांस फाटतं.

सावरल्यावर आठवड्यातून तीनदा, सगळ्या पॉलिपांना. त्याच्या खाली आणलंत तर मांस हळूहळू पातळ होत जातं. दोन पॉलिपांमधला सांगाडा उठून दिसू लागला की समजा कमी पडतंय.

जागा: कपारीखाली किंवा सावलीत, प्रवाह मध्यम ते जोरदार, पण पंपाचा झोत थेट अंगावर नको. प्रकाशाने त्याला इजा होत नाही. उघड्या सांगाड्यावर शेवाळ येतं आणि मग मांस तिथे परत चढत नाही, सावली हवी ती यासाठी. आत्ता जो पांढरा भाग दिसतोय तो मऊ टूथब्रशने आठवड्याला एकदा घासा, जिवंत मांसाला न लावता.

निळाखडक

भरवण्याबद्दल खारवट यांच्याशी सहमत. फॉस्फेटचा ढोबळ हिशेब मांडतो, कारण लोक इथेच हात टेकतात.

एक क्यूब ३ ग्रॅमचा धरा. त्यात बहुतांश पाणी. कोरडा भाग १२ टक्के धरला तर ०.३६ ग्रॅम. त्यात फॉस्फरस साधारण १ टक्का, म्हणजे ३.६ मिग्रॅ. फॉस्फेटच्या रूपात मोजायचं तर तीनाने गुणा: ११ मिग्रॅ. दोन क्यूबचे २२, ते ३०० लिटरमध्ये, म्हणजे रोज ०.०७ पीपीएम. आठवड्याला अर्धा पीपीएम! काहीच बाहेर काढलं नाही तर.

आता आठवड्याला १५ टक्के पाणी बदल. तो आहे त्याच्या १५ टक्केच काढतो. नुसत्या त्याच्यावर विसंबलात तर फॉस्फेट ३ पीपीएमच्या वर जाऊन स्थिरावेल. म्हणून बिनप्रकाशी प्रवाळांच्या टँकमध्ये पाणी बदलावर भिस्त ठेवू नये. कामाला येतात या गोष्टी: टँकच्या मानाने एक माप मोठा स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं यंत्र), सम्पमध्ये उलट्या वेळेच्या (टँकचे दिवे बंद असताना लागणाऱ्या) दिव्याखाली कीटोमॉर्फा शेवाळ, दर दोन-तीन दिवसांनी बदललेला फिल्टर सॉक, आणि दगडांमागचा गाळ आठवड्याला सायफनने ओढणं. एवढ्यावर भागलं नाही तर रिअ‍ॅक्टरमध्ये लोहयुक्त फॉस्फेट मीडिया. सुरुवात पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने. फॉस्फेट एका रात्रीत खाली पाडलं तर सन कोरलला काही होणार नाही, तुमचे माँटिपोरा मात्र टोकांकडून पांढरे पडतील.

पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सिरिंज. पंचवीस पॉलिप गुणिले दोन मायसिस, त्याला अख्खा क्यूबसुद्धा लागत नाही. दोन क्यूबचा प्रश्नच येत नाही.

याशिवाय व्हिनेगर. पांढरं, ५ टक्क्यांचं, रंग-वास नसलेलं, १०० लिटरला रोज १ मिलीपासून सुरू करून आठवड्याला तेवढंच वाढवत जायचं. जिवाणू वाढतात, नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात, स्किमर त्यांना काढतो, आणि वाटेत बारीक खाणाऱ्या प्रवाळांना थोडं खाद्यही मिळतं.

खारवट

व्हिनेगरला माझा विरोध नाही, पण या टप्प्यावर नको. कोरल उपाशी आहे, रोजचं भरवणं आत्ता सुरू होणार. दोन्ही एकदम केलं आणि पाणी दुधाळ झालं तर कारण कोणतं ते कळणार नाही. शिवाय भरवताना स्किमर तासभर बंद ठेवला, रात्रीची वेळ, वर जिवाणूंची वाढ, म्हणजे ऑक्सिजन पडतो आणि सकाळी मासे वर येऊन धापा टाकतात. आधी महिनाभर नुसतं भरवा, फॉस्फेट आठवड्यातून दोनदा मोजा, मग बघा.

निळाखडक

मान्य. व्हिनेगर चालू असताना स्किमर बंद ठेवूच नये हेही लिहायला हवं होतं. भरवल्यावर स्किमरचा कप काढून नुसती हवा चालू ठेवली तरी चालतं.

समुद्रफेस

दोघांचे आभार. डब्यात काढताना एक गोष्ट दिसली: वसाहतीच्या खालच्या बाजूला, सांगाड्याला चिकटलेले पिवळट-केशरी दाण्यांचे छोटे झुपके आहेत. कोरलची पिल्लं का?

तळकोकण

पिल्लं नव्हेत. पिल्लं असती तर सुटी, एकेकटी, चपट्या तळाची दिसली असती, आणि नीट भरवलेल्या कोरलच्या आसपास दगडावर किंवा काचेवर. हे झुपके बहुधा वेंटलट्रॅप गोगलगायीची अंडी. गोगलगाय पिवळी-केशरी, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची, उभ्या कंगोऱ्यांच्या शंखाची. रंग इतका जुळतो की शेजारी बसलेली दिसत नाही. दिवसा बुडाशी लपते, रात्री पॉलिप खाते. तुमचा कोरल न उघडण्याचं अर्धं कारण हेच असू शकेल.

दिवे गेल्यावर दोन तासांनी टॉर्च मारा आणि चिमट्याने उचला. मग कोरलचा डिप (कीड मारायच्या औषधी पाण्यात बुडवणं) वेगळ्या बादलीत, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने आणि वेळेने. डिपने अंडी मरत नाहीत, म्हणून ती ब्रश आणि टूथपिकने खरवडून काढायची, टँकच्या बाहेर. दर चार-पाच दिवसांनी खालची बाजू पुन्हा तपासा, नवीन झुपके येणं थांबेपर्यंत. त्याच सुमारास फेस्टिला नावाची सी-स्लगही (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) शोधा. अंगावर कोरलसारखेच केशरी उंचवटे असतात आणि तीही याच कुळावर जगते.

आता डेंड्रोनेफ्थिया. घेऊ नका. तांबड्या समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्याचं मुख्य अन्न वनस्पती-प्लवक आहे, प्राणी-प्लवक नगण्य. म्हणजे मायसिस, सायक्लॉप्स त्याच्या काही कामाचे नाहीत. त्याला काही मायक्रॉनचे कण लागतात, तेही चोवीस तास वाहत्या पाण्यात. दिवसातून दोनदा भरवलेला डेंड्रोनेफ्थिया काही आठवडे छान दिसतो, मग रोज थोडा आखडतो, फांद्या गळतात. दुकानदार त्या पहिल्या आठवड्यांवरच विकतो.

सन कोरल चार-सहा महिने भरलेल्या अंगाने टिकला, तर पुढची पायरी चिली कोरल (नेफ्थिगॉर्गिया). त्याला कपारीच्या छताला उलटा टांगा, म्हणजे अंगावर गाळ बसत नाही. खाद्य सायक्लॉप्स, रोटिफर, बारीक पावडर. नंतर स्विफ्टिया, पॉलिप मोठे असल्याने समुद्रपंख्यांमध्ये भरवायला तोच सोपा. बारीक पॉलिपांचा डायोडोगॉर्जिया त्याच्यानंतर. समुद्रपंख्याचं मांस सुटून आतली काडी उघडी पडली तर वाट बघू नका, निरोगी भागात सेंटिमीटरभर आत शिरून कापा आणि खराब तुकडा फेका.

पुणेरी_सम्प

मध्येच विचारतो, हे सन कोरल नि समुद्रपंखे पुण्या-मुंबईत कुठे मिळतील?

तळकोकण

विकत घेण्याचा विचार सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये सगळे स्क्लेरॅक्टिनियन म्हणजे दगडी प्रवाळ आणि गॉर्गोनियन म्हणजे समुद्रपंखे २००१ पासून अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या शेजारी. सन कोरल रीफ बांधत नाही, पण दगडी प्रवाळच. कोणी 'इम्पोर्टेड आहे, चालतं' म्हणालं तरी घेऊ नका. समुद्रफेस, तुमच्याकडे विक्री चालते, पण दगडी प्रवाळ साइट्सच्या (धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येतात, तेव्हा मूळ दाखवणारी पावती जपून ठेवा. आणि नको झालेला तुकडा समुद्रात टाकायचा नाही. ट्युबॅस्ट्रिया अटलांटिकमध्ये बाहेरून आला आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याने खडकच्या खडक व्यापलेत.

समुद्रफेस

टॉर्च मारला. दोन गोगलगायी मिळाल्या, अंडी खरवडली. डेंड्रोनेफ्थिया रद्द. पुढे चिलीसाठी डोसिंग पंपाने बारीक खाद्य द्यायचं झालं तर नळी तुंबते म्हणतात, ते खरं का?

निळाखडक

खरं. खाद्याची बाटली छोट्या फ्रिजमध्ये ४ अंशांवर, खाली मॅग्नेटिक स्टरर. पण फ्रिजबाहेरची नळी खोलीच्या तापमानाला असते, तिच्यात उरलेलं खाद्य सडून बुळबुळीत थर धरतं. नळी शक्य तितकी आखूड ठेवा. पंपाचं दुसरं हेड आरओ (गाळून शुद्ध केलेल्या, बिनमिठाच्या) पाण्याला टी-जोडणीने त्याच नळीला लावा, दोन्ही फांद्यांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, आणि प्रत्येक डोसनंतर नळीत मावतं त्याच्या दुप्पट पाणी सोडा. ते पाणी ऑटो टॉप-अपच्या (उडून गेलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या सोयीच्या) हिशेबात आपोआप धरलं जातं. मात्र दिवसाचं एकूण आरओ तुमच्या बाष्पीभवनापेक्षा कमी ठेवा, नाहीतर क्षारता उतरत जाईल. बाटलीतलं खाद्य दोन-तीन दिवसांत बदला, आणि नळीचं टोक पाण्याच्या वर आणि बाटलीतल्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर पंपाचं रोलर सैल झाल्यावर सायफन लागून अख्खी बाटली टँकमध्ये उतरेल.