तातडीने मदत हवी: इमिग्रेशन कोर्टाचं पत्र, स्पॅनिश बोलणारा वकील

गुळपोळी:
आमच्या लेकीला सांभाळायला येतात त्या ताई होंडुरासच्या. त्यांच्या घरी इमिग्रेशन कोर्टाचं पत्र आलंय, तारीख याच महिन्यातली. स्पॅनिश बोलणारा, फुकट किंवा परवडेल असा वकील पाहिजे. गूगल करून झालंय, तेव्हा ते सांगू नका. प्लीज लवकर.

टेक्सासकर:
राज्य कोणतं? शहर? देश अमेरिका हेही आम्हीच धरून चाललोय.

कोकमसरबत:
आमचे वकील एकदम भारी आहेत. माझा एच-वन, नवऱ्याचं ग्रीन कार्ड, सगळं त्यांनीच केलं. नंबर व्यनि (खाजगी मेसेज) करते.

निवांत_काका:
कोकमताई, ते कंपनीच्या अर्जांचे वकील. सरकारी वकिलासमोर उभं राहून डिपोर्टेशन थांबवायचं काम वेगळं. 'रिमूव्हल डिफेन्स करता का?' हे आधी विचारायचं. गुळपोळी, पत्रावर काय छापलंय? आणि नक्की कोर्टच ना? आयसच्या (लोकांना पकडून डिपोर्ट करणाऱ्या खात्याच्या) ऑफिसातल्या हजेरीलाही लोक कोर्टच म्हणतात.

गुळपोळी:
न्यू जर्सी. नेवार्कचं कोर्ट. 'नोटीस टू अपिअर' लिहिलंय, म्हणजे डिपोर्टेशनची केस सुरू करणारी नोटीस. आता वकील सांगा.

बे_एरिया_बाबू:
आपण ग्रीन कार्डच्या रांगेत म्हातारे होतोय आणि यांना फुकट वकील? टॅक्स कोण भरतं?

निवांत_काका:
बाबू, फौजदारी खटल्यासारखा सरकारी खर्चाने वकील इथे मिळतच नाही. वकील करायचा हक्क आहे, पण खर्च सरकारचा नाही, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणून तर संस्था शोधायच्या. गुळपोळी, न्याय खात्याच्या साइटवर कोर्टानुसार प्रो बोनो (फुकट काम करणाऱ्या) वकील-संस्थांची यादी असते. नेवार्कला अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी, कॅथलिक चॅरिटीज यांच्याकडे विचारा. तिथे वकील नसलेले पण न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधीही भेटतील. मान्यता पूर्ण आहे का ते विचारा, अर्धवट असेल तर त्यांना कोर्टात उभं राहता येत नाही.

पुणेरी_पाटी:
मुळात तुम्ही त्यांचा आय-९ (कामाची परवानगी तपासल्याचा फॉर्म) भरलाय का? घरकामालाही लागतो. उद्या तुमच्याच गळ्याशी येईल.

गुळपोळी:
तो माझा प्रश्नच नाहीये. एका संस्थेला फोन लागला. त्यांनी ए-नंबर (इमिग्रेशन फाइलचा नंबर) विचारला, मग वय. सतरा म्हटल्यावर दुसऱ्याच बाईंकडे फोन दिला आणि तो कट झाला.

टेक्सासकर:
सतरा?? ताई सतरा वर्षांच्या?

गुळपोळी:
अहो नाही! पत्र मुलाच्या नावाचं आहे. गेल्या वर्षी एकटाच आला, बॉर्डरवर पकडला, मग आईकडे सोपवला. बाप तो लहान असतानाच सोडून गेला. याने काय फरक पडतो?

रानजाई:
सगळाच पडतो. मी नॉनप्रॉफिटमध्ये केसवर्कर आहे, वकील नाही. आईवडिलांपैकी एकाने जरी टाकलं असेल तरी स्पेशल इमिग्रंट जुवेनाइल हा अशा मुलांसाठीचा ग्रीन कार्डचा मार्ग बघता येतो. आधी राज्याच्या फॅमिली कोर्टाचा आदेश, मग इमिग्रेशन खात्याकडे आय-३६० हा अर्ज. न्यू जर्सीत २१ वर्षांपर्यंत तो आदेश मिळू शकतो, पण कामाला आत्ताच लागा. एकटं आलेलं मूल म्हणून नोंद असेल तर असायलमच्या (आश्रयाच्या) अर्जाची एक वर्षाची मुदतही त्याला लागू नाही. किंड नावाची संस्था फक्त अशाच मुलांच्या केसेस घेते, नेवार्कला ऑफिस आहे.

टेक्सासकर:
कोर्टात जाऊच नका म्हणावं. २०२५ मध्ये कोर्टाच्या आवारातच माणसं उचलली.

निवांत_काका:
असला सल्ला देऊ नका हो! गैरहजर राहिला की न्यायाधीश तिथेच डिपोर्टेशनची ऑर्डर काढू शकतो, आणि ती उलटवणं महाकठीण.

टेक्सासकर:
आणि सोबत आई गेली तर? तिचं स्टेटस काय?

रानजाई:
ते इथे लिहू नका, गुळपोळी. भीती खरी आहे, म्हणून वेबेक्सवर (व्हिडिओ कॉलने) सुनावणी मागता येते. पण ती मंजूर झाल्याशिवाय घरी बसायचं नाही. वकील मिळाला नाही तरी मुलाने जायचं आणि वकील शोधायला मुदत मागायची. दुभाषा कोर्ट देतं, पैसे लागत नाहीत. घर बदललं असेल तर पाच दिवसांत कोर्टाला कळवावं लागतं.

गुळपोळी:
बदललंय ना, मेमध्येच. ते काम एका दुकानाला दिलं होतं, प्लेनफील्डमध्ये. पैसे पाठवणं, टॅक्स, पासपोर्ट फोटो, इमिग्रेशन, सगळं एकाच काउंटरवर. चारशे डॉलर घेतले, पावती नाही. वर म्हणतात 'अर्ज टाकलाय'. कुठला ते सांगत नाहीत.

रानजाई:
आजच जा. मूळ कागद आणि जे काही भरलंय त्याची प्रत, दोन्ही घ्या. अशा दुकानांतून पोरांच्या नावे रचलेल्या गोष्टीचा असायलम अर्ज जातो आणि खरी केस उभी राहते तेव्हा तोच आडवा येतो. दुकानवाला स्वतःला नोटरी म्हणवत असला तरी नोटरीला इथे फक्त सह्या साक्षांकित करता येतात, कायदेशीर सल्ला देता येत नाही. जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतरही करून ठेवा, खाली भाषांतरकाराचं प्रमाणपत्र आणि सही.

कोकमसरबत:
माझी मुलगी शाळेत स्पॅनिश शिकतेय, ती करून देईल! आणि आमचे वकील विचारतायत, केस गुंतागुंतीची आहे का?

गुळपोळी:
दुकानवाला कागद द्यायला तयार नव्हता, नवरा जाऊन उभा राहिला तेव्हा दिले. पत्ता बदलल्याचा फॉर्म गेलेलाच नाही. तो आज आम्ही पाठवला. किंडकडे सोमवारी फोनवर मुलाखत आहे.

बे_एरिया_बाबू:
या जुवेनाइलवाल्यांना ग्रीन कार्ड लगेच मिळतं का?

रानजाई:
नाही. त्यांचीही रांग आहे, ईबी-४ या ग्रीन कार्डच्या वर्गाची.

बे_एरिया_बाबू:
अच्छा. मग ईबी-४ च्या रांगेची तारीख आपल्या नोकरीवाल्यांच्या ईबी-२ च्या पुढे आहे की मागे?