टपालपेटीवरचे आडनाव

विषय: श्टुटगार्टमधील आमचे पहिले तीन महिने

मंडळातील सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझे यजमान, सहा वर्षांची मुलगी आणि मी, असे आम्ही तिघे जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातून जर्मनीतील श्टुटगार्टला राहायला आलो. नव्या सभासदांनी आपली ओळख करून द्यावी अशी मंडळाची सूचना आल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. त्यात ओळखीपेक्षा आमची फजितीच अधिक आहे, याबद्दल क्षमस्व.

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते हे यजमानांना आधीच समजले होते, त्यामुळे घरमालकाची सही असलेला कागद घेऊन जाऊन आम्ही ती वेळेत केली. करक्रमांक टपालाने येईल, बँकेचे कार्ड टपालाने येईल आणि कार्डाचा गुप्त क्रमांक आणखी एका पाकिटातून येईल, असे आम्हाला सांगण्यात आले व आम्ही वाट पाहत बसलो. महिना उलटला तरी एकही पाकीट आले नाही, आणि करक्रमांक नसल्यामुळे पहिल्या पगारातून कर भरमसाट कापला गेला. शेवटी बँकेत चौकशी केली तेव्हा कळले की कार्ड दोनदा पाठवले गेले होते आणि पत्त्यावर या नावाचे कोणी नाही म्हणून दोन्ही वेळा परत गेले होते. खाली दाराशी सहा टपालपेट्या आहेत. त्यांतल्या आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे आडनाव तसेच होते. येथील पत्त्यात इमारतीचा क्रमांक असतो, पण आतल्या घराचा बहुधा नसतोच. पेटीवरच्या आणि घंटीवरच्या आडनावावरून टपालवाला घर ओळखतो.

आमच्या गावी पाकिटावर सासऱ्यांचे नाव, मुक्काम पोस्ट आणि तालुका एवढे लिहिले तरी पुरते, कारण आप्पा या वेळी केळीच्या बागेत असतील की पारावर, हेही पोस्टमनला ठाऊक असते. नाव लावले नाही म्हणून आपण सापडणारच नाही, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. त्या संध्याकाळी मुलीच्या वहीतला कागद कापून, त्यावर रोमन लिपीत आडनाव लिहून आम्ही तो चिकटपट्टीने पेटीवर लावला, आणि पाचव्या दिवशी पहिले पाकीट आले. ते रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचे होते. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो! तरीही आम्ही ते पाकीट कौतुकाने दोनदा वाचले.

ऑक्टोबरात एका सकाळी आमच्या दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली एक लाकडी पाटी दिसली. भोवती फुलांची नक्षी आणि मध्ये 'केरवोखे' हा शब्द. शब्दात चक्क 'केर' असूनही मला अर्थबोध झाला नाही. शेजाऱ्यांनी स्वागतासाठी काही शोभेची वस्तू दिली असावी असे समजून मी ती दारावर तशीच राहू दिली. समोरच्या आजी दर शनिवारी जिना झाडताना दिसत आणि मी मान लववून नमस्कार करीत असे.

खरा उलगडा भरताने झाला. तुर्की दुकानात मोठे जांभळे वांगे मिळाले म्हणून नोव्हेंबरात एका रविवारी भरीत करायला घेतले. शेगडी सपाट काचेची, जाळ नाही. म्हणून तवा तापवून वांगे त्यावरच भाजत ठेवले. सालीचा धूर झाला आणि बोळात छताला लावलेले धुराचे यंत्र असे किंचाळू लागले की मुलगी कानांवर हात ठेवून रडू लागली. तेव्हा समोरच्या आजी प्रथमच आमच्या दारात आल्या. त्यांनी झाडूच्या दांड्याने यंत्राचे बटण दाबले, खिडक्या उघडल्या, आणि त्याच झाडूने दारावरच्या पाटीकडे बोट दाखवावे तसे दाखवून, ज्याच्या दारावर पाटी त्याने त्या आठवड्यात जिना आणि आवार झाडायचे, हे सावकाश समजावले. पाच आठवडे आमच्या वाट्याचा केर त्या काढत होत्या. आमच्या गल्लीत हे पहिल्याच दिवशी चार बायांनी येऊन सांगितले असते. येथे पाटी लावली की सांगून झाले असे समजतात.

भरतासाठी वांगे कसे भाजावे आणि आम्ही न वाचलेले आणखी काही दारावर लटकत असेल तर ते कोणते, हे कोणी कळवल्यास आभारी होईन.

आपली,
यावलची सून, माहेर भुसावळ

प्रत्युत्तर: श्टुटगार्टमधील आमचे पहिले तीन महिने

ताई, स. न. वि. वि.

मी ३१ वर्षे श्टुटगार्टला काढून जळगावला परतलो, तरी मंडळाची पत्रे वाचण्याची सवय सुटलेली नाही. तुमच्या माहेरचे आडनाव पारपत्रावर असेल, तर पेटीवर आणि घंटीवर दोन्ही आडनावे लावावीत; नाहीतर तुमच्या नावाची पाकिटे पुन्हा परत जातील.

केरवोख्याची लाज बाळगू नये. शहर स्वच्छ राहावे म्हणून प्रत्येकाने दर आठवड्याला आपला उकिरडा बाहेर न्यावा, असे तेथील नगरनियमात १४९२ साली लिहिलेले आहे, त्यामुळे तुमच्या आजींची शिस्त पाचशे वर्षांची आहे. मात्र हिवाळ्यात पाटी तुमच्या दारावर असताना बर्फ पडला, तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत पायवाट मोकळी करावी. कोणी घसरून पडले तर प्रकरण विम्यापर्यंत जाते.

वांग्याला तेलाचा हात लावावा, काट्याने चार ठिकाणी टोचावे, नाहीतर ते फुटते, आणि ओव्हनच्या वरच्या तापत्या नळ्यांखाली पाऊण तास ठेवून मधून फिरवावे. धूर होत नाही, आणि खरे सांगायचे तर चवही त्याच मानाने येते. आपले जळगावचे हिरवे, पांढऱ्या रेषांचे वांगे तेथे मला कधीही मिळाले नाही. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले तरी ते तिकडच्या दुकानात आलेले नाही. गेल्या रविवारी जळगावजवळच्या असोद्याच्या शिवारात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचून, लसूण-मिरची आणि कांद्याची पात घालून केलेले भरीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ले. हे तुम्हाला लिहू नये असे सौ.चे म्हणणे होते.

परतल्यावर मीही फाटकाला नाव रंगवलेली टपालपेटी बसवली. पोस्टमन अजूनही हाक मारून पाकीट हातातच देतो. पेटीत आम्ही फाटकाची किल्ली ठेवतो.

प्रत्युत्तर: श्टुटगार्टमधील आमचे पहिले तीन महिने

काका, सा. न.

दोन्ही आडनावे लावली. पेटीवरची जागा अपुरी पडल्यामुळे माहेरचे थोडे बारीक अक्षरात आले आहे, त्यावर यजमान खूश आहेत. ओव्हनमधले भरीत आजींना वाटीभर नेऊन दिले. त्यांनी ते पावाला लावून खाल्ले. काल संध्याकाळी जिना पुसून झाल्यावर पाटी मी स्वतः त्यांच्या दाराला अडकवली आणि तरीही घंटी वाजवून तोंडी सांगून आले.